मूत्रपिंडाचा विकार आणि रक्ताचें दारिद्र्य

घरांतील वडील माणूस थकूं लागलें कीं आपण सारे एकच वाक्य बोलतों, "वय झालें." जिना चढतांना मध्येंच थांबणें, दुपारीं पुस्तक हातांत असतांनाच डोळा लागणें, अन्नावरची वासना उडणें, हातपाय गार पडणें, या सर्वांचा हिशेब आपण वयाच्या खातीं मांडतों आणि मोकळे होतों. पुष्कळदां तो हिशेब बरोबरही असतो. परंतु ज्या माणसास मूत्रपिंडाचा जुना विकार आहे, त्याच्या बाबतींत हें वाक्य उच्चारण्यापूर्वीं घटकाभर थांबावें, एवढ्याचसाठीं आजचा हा लेख आम्हीं योजिला आहे. अशा माणसाचा थकवा वयाचा नसून रक्ताचा असण्याचा संभव फार मोठा असतो. आणि वयावर इलाज नसला तरी रक्तावर तो बहुधा असतो.

हा विषय आम्हांस सुचला तो शेजारधर्मामुळें. आम्ही अंबरनाथ येथें राहतों. प्राचीन शिवमंदिराच्या बाजूनें वालधुनी ओलांडली कीं थोड्याच वेळांत उल्हासनगरचा कॅम्प ५ लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं कल्याणजवळ लष्करासाठीं ज्या बराकी उभारल्या होत्या, त्यांत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळजवळ एक लाख निर्वासितांस आसरा मिळाला. आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वेळचे गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वसाहतीचें 'उल्हासनगर' असें नामकरण झालें. बराकी बहुतेक गेल्या व त्यांच्या जागीं इमारती उठल्या. 'कॅम्प' हा शब्द मात्र पत्त्यांत कायमचा राहून गेला.

या कॅम्प ५ मध्यें आमचे एक वृद्ध स्नेही राहतात. त्यांचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. आम्ही त्यांस 'दादा' म्हणतों व ते आम्हांस 'साईं' म्हणून हाक मारतात. फाळणीच्या वेळीं ते आईच्या कडेवर बसून येथें आले; पुढें कापडाचें दुकान काढलें, तें वाढविलें, आणि आतां मुलगा व नातू तें चालवितात. मधुमेह त्यांच्या मागें वीस वर्षें आहे. तीन वर्षांपूर्वीं त्यांच्या मूत्रपिंडांचें काम मंदावल्याचें समजलें. घर भरलेलें, सुना सेवातत्पर, पैशाची अडचण नाहीं. असें असूनही या घरांत जी चूक झाली ती तुमच्या-आमच्या घरांतही होण्यासारखी आहे. म्हणून दादांच्याच संमतीनें ती येथें सांगत आहों.

रक्ताशीं मूत्रपिंडाचें नातें

मूत्रपिंडें म्हणजे शरीरांतील गाळणी, एवढें शाळेंत आपणां सर्वांस शिकविलें जातें. तें खरें असलें तरी पुरें नाहीं. रक्तांतील मळ काढून टाकणें हें जसें मूत्रपिंडांचें काम, तसेंच नवें रक्त उत्पन्न करण्याची आज्ञा देणें हेंही त्यांचेंच काम होय. रक्ताच्या तांबड्या पेशी हाडांतील मगजांत तयार होतात. निरोगी माणसाच्या शरीरांत दर सेकंदास वीस लाखांहून अधिक पेशी जन्मास येतात व सुमारें १२० दिवस काम करून नाश पावतात. मगजाला ही गति राखावयास लावणारें एक द्रव्य आहे. त्यास 'एरिथ्रोपोएटिन' म्हणतात. रक्तांतून पोंचणारा प्राणवायु कमी पडतो आहे असें मूत्रपिंडांतील कांहीं विशिष्ट पेशींस जाणवलें कीं त्या हें द्रव्य रक्तांत सोडतात, आणि मगज कामास लागतो. मूत्रपिंडें खंगलीं म्हणजे आज्ञा देणारेंच कोणी उरत नाहीं. कारखाना शाबूत, कामगार हजर, पण मालकाचा हुकूमच येत नाहीं, अशी मगजाची स्थिति होते.

दुसरें कारण असें कीं, रक्तांत सांचलेल्या मळामुळें तांबड्या पेशींचें आयुष्यही घटतें. तिसरें कारण लोहाचें. यकृत 'हेप्सिडिन' नांवाचें एक द्रव्य निर्माण करतें. आतड्यांतून लोह किती घ्यावयाचें व सांठ्यांतून किती सोडावयाचें, याची किल्ली या द्रव्याच्या हातीं असते. मूत्रपिंडांच्या विकारांत हेप्सिडिन वाढतें आणि कोठाराचें दार बंद होतें. आंत लोह भरपूर असूनही मगजाची उपासमार चालते. वरून कितीही गोळ्या घेतल्या तरी त्या आतड्यांतून फारशा आंत शिरत नाहींत. चौथें कारण रक्तस्रावाचें. या रोग्यांच्या रक्तांतील बिंबिका, म्हणजे रक्त गोठविण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म कणिका, संख्येनें ठीक असतात. परंतु मळाच्या परिणामानें त्या एकमेकींस नीट चिकटत नाहींत. त्यामुळें हिरड्यांतून वा नाकांतून रक्त येणें, किरकोळ धक्क्यानें अंगावर काळेनिळे डाग उठणें, पोटांत नकळत रक्त झिरपणें, असे प्रकार घडतात. नवल असें कीं, याच रोग्यांस नको त्या ठिकाणीं रक्ताची गुठळी होण्याचेंही भय अधिक असतें. पांढऱ्या पेशींचेंही बळ कमी होतें, आणि म्हणून साधा संसर्गही अशा माणसास जड जातो.

एकंदरींत मूत्रपिंडांचा जुना विकार हा रक्ताच्या सर्वच घटकांस स्पर्श करणारा विकार आहे. त्यांतील सर्वांत सामान्य प्रकार म्हणजे पांडुरोग. प्रौढ पुरुषाचें हिमोग्लोबिन १३ च्या खालीं व स्त्रीचें १२ च्या खालीं गेलें म्हणजे पांडुता आहे असें मानावें, असा प्रघात आहे. मूत्रपिंडांची शक्ति जसजशी ढासळते तसतसा हा आंकडाही उतरत जातो.

दीडशें वर्षांचा शोध

मूत्रपिंडाच्या रोग्याचा चेहरा पांढराफटक पडतो, ही गोष्ट लंडन येथील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनीं १८३६ सालींच नमूद करून ठेविली होती. पण कारण कोणास उमगेना. १९०६ सालीं फ्रान्समध्यें पॉल कार्नो व क्लोटिल्ड देफ्लांद्र या दोघांनीं एका सशाचें रक्त काढून त्यास पांडुर केलें आणि मग त्याच्या रक्तांतील द्रव दुसऱ्या निरोगी सशास टोंचला; तेव्हां दुसऱ्या सशाच्या तांबड्या पेशी वाढलेल्या त्यांस आढळल्या. रक्तांत कांहींतरी निरोप वाहून नेणारें द्रव्य असावें, असें त्यांनीं अनुमान केलें. तें द्रव्य मुख्यतः मूत्रपिंडांत होतें, हें शिकागो येथील लिऑन जेकबसन व त्यांचे सहकारी यांनीं १९५७ सालीं उंदरांवरील प्रयोगांनीं दाखविलें. त्यांच्याच परंपरेंतील यूजीन गोल्डवासर यांनीं तें शुद्ध स्वरूपांत मिळविण्यासाठीं जवळजवळ सारें आयुष्य वेंचिलें. जपानमधील डॉ. मियाके यांनीं पांडुरोग्यांचें सुमारें अडीच हजार लिटर मूत्र गोळा करून, आटवून अमेरिकेस नेलें. आणि त्यांतून १९७७ सालीं हातीं काय आलें, तर कांहीं मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य! तेवढ्याच्या आधारें फू-कुएन लिन यांनीं १९८३ सालीं त्याचा जनुक शोधून काढला, मोठ्या प्रमाणावर तें बनवितां येऊं लागलें, आणि १९८९ सालीं अमेरिकेंत हें औषध विकावयास परवानगी मिळाली. ब्राइटच्या टिपणापासून औषधापर्यंत दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटला. शरीरांतील पेशींस प्राणवायूची उणीव कशी कळते, या मूळ कोड्याच्या उलगड्यास २०१९ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

त्यापूर्वीं अशा रोग्यांस वरचेवर दुसऱ्याचें रक्त देण्यापलीकडे फारसा उपाय नव्हता. आज तसें नाहीं. हें ठाऊक नसल्यामुळेंच कित्येक घरांत आजही जुन्या काळाप्रमाणें वागणें चालतें.

आपल्या स्वयंपाकघरांतील चूक

दादांच्या घरीं काय झालें पाहा. त्यांचें हिमोग्लोबिन साडेआठाच्या खालीं गेलें. दोन जिने चढतांना ते तीनदां थांबूं लागले. धाकट्या सुनेनें ही गोष्ट प्रथम हेरली. पण वडीलधाऱ्यांनीं "वय झालें" म्हणून ती बाजूस सारली. पुढें एका डॉक्टरांनीं कागदावरचा आंकडा पाहून लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. घरांतील बायकांनीं मायेनें आणखी भर घातली. सकाळीं बिटाचा रस, मग खजूर, जेवणांत पालक, चार वाजतां डाळिंब, रात्रीं गूळ. आपल्या घरांत तरी याहून निराळें काय होतें? रक्त कमी आहे असें कळतांच आपणही हेंच करतों.

निरोगी माणसास या पदार्थांनीं कांहीं बाधा नाहीं. परंतु बीट, पालक, खजूर व डाळिंब यांत पोटॅशियम हा क्षार पुष्कळ असतो. गुळांतही तो साखरेपेक्षां फार अधिक असतो. निरोगी मूत्रपिंडें जास्तीचें पोटॅशियम बाहेर टाकतात. खंगलेल्यांस तें साधत नाहीं. क्षार रक्तांत सांचतो, स्नायूंचें बळ जातें आणि हृदयाची गति बिघडते. प्रसंगीं तें एकाएकीं थांबतेंही. शिवाय दादांस मधुमेह, म्हणजे खजूर व गूळ हे दुहेरी अपथ्य! सहा महिन्यांनीं एका रात्रीं दादांचे पाय उचलेनात. रुग्णालयांत नेलें तेव्हां रक्तांतील पोटॅशियम धोक्याच्या पलीकडे गेलेलें आढळलें. त्या रात्रीं ते वांचले हें दैव. हिमोग्लोबिन मात्र सहा महिन्यांच्या गोळ्यांनंतरही होतें तेथेंच होतें.

धाकटी सून आमच्याजवळ म्हणाली, "काका, मीं रोज माझ्या हातांनीं रस काढून दिला हो!" तिच्या डोळ्यांतील पाणी आम्हांस विसरतां येत नाहीं. दोष तिचा नव्हता. मूत्रपिंडाच्या रोग्याचें पथ्य निराळें असतें, हें तिला कोणीं सांगितलेंच नव्हतें.

याच ओघांत आणखी चार गोष्टी गृहिणींनीं ध्यानांत ठेवाव्या. लोहाची गोळी चहाबरोबर घेतल्यास ती अंगीं लागत नाहीं. कॅल्शियमच्या गोळीबरोबरही तोच प्रकार. घटक ठाऊक नसलेलीं भस्में व काढे मूत्रपिंडाच्या रोग्यास परस्पर देऊं नयेत. सांधेदुखीवर दुकानांतून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीं उरलेलीं मूत्रपिंडेंही जातात, आणि पोटांत रक्तस्राव होतो तो वेगळाच. आणि वृद्ध माणसाच्या रक्तांत लोह खरोखरच कमी निघालें, तर तें कोठें झिरपत आहे याचा शोध घेतल्यावांचून गोळ्यांवर समाधान मानूं नये. पोटांतील वा आतड्यांतील व्रण किंवा कर्करोग याच खुणेनें प्रथम प्रगट होतो.

सर्वच पांडुता लोहाची नव्हे

रक्त कमी म्हणजे लोह कमी, ही समजूत किती अपुरी आहे, हें आपल्या मुंबईनेंच जगास पूर्वीं दाखविलेलें आहे. १९२८ सालीं डॉ. ल्यूसी विल्स नांवाची इंग्रज विदुषी मुंबईस आली व हाफकिन संस्थेंत तिनें गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या पांडुरोगाचा अभ्यास आरंभिला. यकृताच्या अर्काप्रमाणेंच यीस्टपासून केलेल्या स्वस्त 'मार्माइट'नेंही या बायका बऱ्या होतात, असें तिनें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील गुणकारी द्रव्य म्हणजे पुढें 'फॉलिक ॲसिड' म्हणून ओळखलें गेलेलें जीवनसत्त्व. आणि तें प्रयोगशाळेंत कृत्रिम रीतीनें तयार करणाऱ्या अमेरिकेंतील मंडळीचे अग्रणी होते आपलेच डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव.

आपल्या शाकाहारी घरांस याहूनही जवळचें आहे तें ब-१२ जीवनसत्त्व. तें वनस्पतींपासून मिळत नाहीं. दूधदुभत्यांतून मिळतें तें पुष्कळदां पुरत नाहीं. पुण्यांतील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं आपल्याकडे ही उणीव किती सर्रास आहे, हें दीर्घ संशोधनानें दाखवून दिलें आहे. त्यांत मधुमेहावरील 'मेटफॉर्मिन' हें औषध वर्षानुवर्षें घेतल्यास ब-१२ आणखी घटतें. तेव्हां पांडुर दिसणाऱ्या प्रत्येक मूत्रपिंड-रोग्याचें लोह, ब-१२ व फॉलिक ॲसिड हीं तिन्ही पाहावींत. लोहाच्या बाबतींत 'फेरिटिन' म्हणजे सांठा, आणि 'ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन' म्हणजे प्रत्यक्ष वाहतुकींत असलेलें लोह, असे दोन आंकडे लागतात. एकट्यानें काम भागत नाहीं. हाडें दुखत असतील, पांडुता असेल आणि मूत्रपिंडेंही बिघडलीं असतील, तर 'मायलोमा' नांवाचा मगजाचाच रोग तर नाहीं ना, हेंही वैद्य पाहतात. तेथें रक्ताचा रोग आधीं व मूत्रपिंडाचा मागून, असा उलटा क्रम असतो.

वारशानें आलेलें

रुग्णालयांतील मूत्रपिंडतज्ज्ञांनीं दादांचे जुने कागद मागविले. त्यांत त्यांस एक विसंगति दिसली. मूत्रपिंडाच्या पांडुरोगांत तांबड्या पेशी संख्येनें कमी असल्या तरी आकारानें बहुधा नेहमींसारख्या असतात. दादांच्या पेशी फारच लहान होत्या. लहान पेशी म्हणजे लोहाची उणीव, असें पहिल्या डॉक्टरांनीं गृहीत धरलें होतें. पण फेरिटिन पाहतां सांठा उलट भरपूर निघाला. तेव्हां तज्ज्ञांनीं एकच प्रश्न विचारला, "आपण मूळचे सिंधचे काय?" आणि हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी करविली. तींत 'ए-२' या प्रकाराचें प्रमाण वाढलेलें निघालें. दादा 'थॅलॅसीमिया'चे वाहक होते, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षें त्यांस त्याचा पत्ता नव्हता!

थॅलॅसीमिया हा हिमोग्लोबिनचा वंशपरंपरागत दोष. त्याच्या तीव्र स्वरूपाचें वर्णन अमेरिकेंतील डॉ. टॉमस कूली यांनीं १९२५ सालीं केलें. आईबापांपैकीं एकाकडूनच दोष आला तर माणूस नुसता वाहक होतो; त्यास रोग म्हणतांच येत नाहीं. हिमोग्लोबिन थोडें कमी, पेशी लहान, एवढेंच. परंतु दोघांकडूनही आला तर तें मूल जन्माच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच पांढरें पडूं लागतें, आणि दर तीन-चार आठवड्यांनीं दुसऱ्याचें रक्त घेतल्यावांचून तें जगत नाहीं. आपल्या देशांत शंभरांत तीन-चार माणसें वाहक असावींत असा अंदाज आहे. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी अशा कांहीं समाजांत हें प्रमाण बरेंच अधिक आहे. उल्हासनगरसारख्या गांवीं म्हणूनच या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. पण आमच्या वाचकांनीं हा परक्यांचा प्रश्न समजूं नये. महाराष्ट्रांतील कोणतीही जात यापासून सर्वस्वी मुक्त नाहीं. विदर्भांत व नंदुरबारकडे 'सिकल सेल' हा याचाच भाऊ ठाण मांडून आहे, आणि तो तर स्वतःच मूत्रपिंडांस इजा करतो.

मूत्रपिंडाचा रोगी आणि थॅलॅसीमियाचा वाहक हीं दोन नातीं एकाच माणसांत आलीं म्हणजे वैद्याची परीक्षाच असते. पेशी लहान दिसतात म्हणून लोह देत राहिलें तर तें विनाकारण शरीरांत सांचतें. वाहकासही कधीं खरोखर लोह कमी असूं शकतें. म्हणून नुसत्या तर्कावर देणेंही चूक आणि नुसत्या तर्कावर नाकारणेंही चूक. सांठा मोजूनच ठरवावें लागतें.

आणखी एक फसगत. मधुमेही लोक तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा जो आंकडा काढवितात, तो तांबड्या पेशींवर चढलेल्या साखरेवरून काढलेला असतो. पेशींचें आयुष्यच घटलें तर साखर चढावयास वेळ मिळत नाहीं, आणि आंकडा खोटा कमी दिसतो. दादांचा हा आंकडा उत्तम येत असे व सारें घर निश्चिंत होतें. बोटांतून रक्त काढून रोजची साखर पाहिली तेव्हां ती पुष्कळच चढलेली निघाली. मूत्रपिंडाचा विकार व पांडुता असलेल्या मधुमेह्यानें त्या एकाच आंकड्यावर विसंबूं नये.

औषध आणि त्याची मर्यादा

दादांस एरिथ्रोपोएटिनचीं इंजेक्शनें सुरू झालीं. तीं त्वचेखालीं टोंचतात. त्याच वर्गांतील कांहीं औषधें पंधरवड्यानें वा महिन्यानें घेतलीं तरी चालतात. पोटांत घ्यावयाच्या गोळ्याही आतां निघाल्या आहेत; 'डेसिडुस्टॅट' ही त्यांतील एक भारतांतच शोधलेली असून २०२२ सालीं तिला येथें परवानगी मिळाली. ज्यांच्यांत लोहाची खरी उणीव आहे व गोळी लागूं पडत नाहीं, त्यांस तें शिरेंतून देतात.

मात्र येथें उतावळेपणा उपयोगाचा नाहीं. आंकडा निरोग्याइतका चढविला तर रोगी अधिक सुखी होईल, असें पूर्वीं वैद्यांसही वाटे. २००६ व २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांनीं हा भ्रम दूर केला. १३ च्या घरांत हिमोग्लोबिन नेण्याचा हट्ट धरल्यास हृदयविकार, पक्षाघात अशीं संकटें वाढतात असें त्यांत दिसून आलें. म्हणून या रोग्यांत बहुधा १० ते साडेअकरापर्यंत थांबण्याचा प्रघात आहे. औषध चालू असतां रक्तदाब चढूं शकतो, तेव्हां तोही नियमानें पाहावा लागतो. "अमक्याचें तेरा आहे, मग आमच्या बाबांचें दहाच कां?" असें विचारीत वैद्यामागें लागूं नये, येथें दहा हेंच यश आहे.

दुसऱ्याचें रक्त देण्याविषयींही तसेंच. प्राण संकटांत असतील तर तें द्यावेंच लागतें. एरवीं, ज्या रोग्यावर पुढें मूत्रपिंडाचें रोपण व्हावयाचें आहे, त्यास वारंवार परकें रक्त दिल्यानें त्याच्या शरीरांत प्रतिद्रव्यें उत्पन्न होतात आणि जुळणारें मूत्रपिंड मिळणें दुरापास्त होतें. रक्ताचा गट कागदावर 'ओ' असला तरी पूर्ण जुळवणी केल्यावांचून तें देत नाहींत, यासही आपल्या मुंबईचाच दाखला आहे. १९५२ सालीं डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं येथें असा एक गट शोधून काढला कीं, जो वरवरच्या तपासणींत 'ओ' सारखा दिसतो. पण ज्याचा आहे त्यास 'ओ' चेंही रक्त चालत नाहीं. जगभर तो 'बॉम्बे गट' म्हणूनच ओळखला जातो.

खर्चाची काळजी असणाऱ्यांसाठीं एवढें सांगावेंसें वाटतें कीं, महाराष्ट्र शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेंत डायलिसिसचा समावेश आहे. ही योजना २०१२ सालीं निराळ्या नांवानें आठ जिल्ह्यांत सुरू झाली व २०१७ पासून सध्यांच्या नांवानें चालते. पण डायलिसिसची वेळ येऊं न देणें हें कधींही बरें. मधुमेह वा रक्तदाब असलेल्या प्रत्येक माणसानें वर्षांतून एकदां रक्तांतील क्रिएटिनिन व लघवींतील अल्ब्युमिन तपासून घ्यावें. या तपासण्यांस फार खर्च येत नाहीं.

पत्रिकेबरोबर हाही कागद

दादांचा कागद आला आणि घरांत दुसराच प्रश्न उभा राहिला. नातवाचें लग्न ठरलें होतें. मुलगी कल्याणची, त्यांच्याच समाजांतील. दादा वाहक, तर मुलगा तसा असण्याचा संभव निम्मा, व नातू असण्याचा पाव. तपासलें तेव्हां दोघेही वाहक निघाले. घरांतील कांहीं मंडळींचें मत पडलें कीं, ही गोष्ट मुलीकडे बोलूं नये. ठरलेलें मोडेल, नाचक्की होईल. दादा तेव्हां नुकतेच अंथरुणांतून उठून बसूं लागले होते. ते म्हणाले, "मला कोणीं सांगितलें नव्हतें म्हणून मीं अठ्ठ्याहत्तर वर्षें अंधारांत काढलीं. त्या पोरीस तरी अंधारांत ठेवूं नका. उद्यां मीच जातों."

ते गेले. मुलीचे वडील आरंभीं बरेच रागावले. आमच्या मुलीच्या रक्ताची परीक्षा कां, असें त्यांस वाटलें. तोड काढली ती त्या मुलीनेंच. ती म्हणाली, "पत्रिका दाखवितांना तुम्हांस राग आला नाहीं, मग हा कागद दाखवितांना कां यावा?" आणि आईला घेऊन ती स्वतः रक्त देऊन आली. ती वाहक नव्हती. लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलें. होणाऱ्या मुलांपैकीं कोणी वाहक निघेल, कोणी निघणार नाहीं. रोगी मात्र कोणी होणार नाहीं. तीं मोठीं झालीं म्हणजे त्यांचीही अशीच तपासणी व्हावी, असें दोन्ही घरांनीं ठरविलें आहे.

तीही वाहक निघाली असती तर? तर प्रत्येक मुलाच्या बाबतींत चारांत एक, असा तीव्र रोगाचा धोका राहिला असता. अशा जोडप्यास गर्भाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांतच तपासणी करून घेतां येते, आणि पुढचा विचार सल्ल्यानें करतां येतो. ज्ञान असलें म्हणजे निदान वाट निवडतां येते. लपविलें म्हणजे तीही उरत नाहीं.

चार महिन्यांनीं दादांचें हिमोग्लोबिन दहाच्या वर आलें. मूत्रपिंडें अर्थातच पूर्वींसारखीं झालेलीं नाहींत. तीं होणारही नाहींत, हें त्यांस ठाऊक आहे. पण परवां आम्ही त्यांजकडे गेलों असतां ते खालीं फाटकाशींच भेटले आणि आमच्याबरोबर दोन जिने न थांबतां चढून वर आले. वर गेल्यावर धाकट्या सुनेनें चहा दिला. दादांच्या पुढ्यांत बिटाचा रस नव्हता. वैद्यांनीं लिहून दिलेल्या पथ्याचा कागद मात्र भिंतीवर, सर्वांस दिसेल असा, लावलेला होता.

वाचकांस आमची विनंति एवढीच. आपल्या घरीं मूत्रपिंडाचा विकार असलेलें कोणी असेल आणि तें थकत असेल, तर त्याच्या थकव्यास वयाचें नांव देण्यापूर्वीं त्याच्या रक्ताचा कागद पाहा. आणि तो कागद वाचतां येणाऱ्या माणसाकडे घेऊन जा.